मांजराचा डोळा चिकटलाय, कुठला ड्रॉप घालू?

पावसाळा लागला की या सदराकडे मांजरांच्या डोळ्यांचे प्रश्न वाढतात. त्यातल्या बऱ्याच पत्रांत शेवटची ओळ एकच असते, कुठला ड्रॉप घालू ते सांगा, आणि सोबत रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो ज्यात मांजराचे डोळे नुसते हिरवे चमकतायत. फोटो बघून मी ड्रॉपचं नाव सांगत नाही, का ते पहिल्याच उत्तरात येईल. सारखे प्रश्न एकत्र केलेत, माणसांची नावं काढलीत, मांजरांची ठेवलीत.

डॉक्टर, माझी पर्शियन आहे, शेवंता, दोन वर्षांची. तिचा डावा डोळा अधूनमधून बारीक होतो, पाणी येतं, शिंकतेही. पहिल्या वेळी मेडिकलवाल्याने डोळे आल्यावर देतात तो ड्रॉप दिला, दोन दिवसांत लाली गेली म्हणून पुढेही तोच घालत राहिले. या वेळी मात्र ड्रॉप घातल्यापासून डोळा उघडतच नाहीये आणि बुबुळावर धुरकट दिसतंय. मैत्रीण म्हणते लायसिन नावाचं अमिनो ॲसिडचं सप्लिमेंट चालू कर. (पुणे)

ताई, तो ड्रॉप आत्ता थांबवा, बाटली पिशवीत टाका आणि आजच्या आज शेवंताला घेऊन व्हेटकडे जा, उद्यावर ढकलू नका. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. मेडिकलमध्ये 'डोळे आल्याचा' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं, त्यानेच लाली पटकन जाते आणि आपल्याला वाटतं बरं झालं. पण लाली जाणं वेगळं आणि आजार जाणं वेगळं. बुबुळावर, म्हणजे वरच्या पारदर्शक कॉर्नियावर, जखम असेल तर स्टेरॉइडमुळे ती भरत नाही, उलट खोल जाते, कधी कधी एक-दोन दिवसांत आरपार. आणि तुमच्या वर्णनावरून मला ज्या व्हायरसचा संशय आहे त्याला तर स्टेरॉइड म्हणजे मोकळं रानच.

हा व्हायरस म्हणजे मांजरांचा हर्पीस. मांजरांना वारंवार डोळे येतात त्यामागे बहुतेक वेळा हाच असतो. पिल्लू असतानाच आईकडून किंवा जिथे पुष्कळ मांजरं एकत्र ठेवतात तिथून लागतो, मग शिंका, ताप, चिपडं, आणि आठ-पंधरा दिवसांत पिल्लू बरंही दिसतं. पण व्हायरस जात नाही, चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी जाऊन बसतो आणि बहुतेक मांजरांत जन्मभर राहतो. घर बदललं, नवीन मांजर आणलं, गावाला जाताना बोर्डिंगला ठेवलं, दिवाळीचे फटाके, बाळंतपण, असा ताण आला की परत वर येतो. माणसाला किंवा कुत्र्याला हा लागत नाही, त्यामुळे घरात बाळ आहे म्हणून मांजर बाहेर काढायची घाई कुणी करू नका.

व्हेटकडे गेल्यावर काय व्हायला पाहिजे ते सांगतो म्हणजे तुम्हाला विचारता येईल. आधी एक कागदाची बारीक पट्टी पापणीत मिनिटभर धरून पाणी किती सुटतं ते बघतात, हे बाकी काहीही डोळ्यात घालण्याआधी करायचं, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. मग डाय टेस्ट. फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात सोडून धुतात आणि निळ्या उजेडात बघतात, कॉर्निया शाबूत असेल तर रंग टिकत नाही, जिथे साल गेलंय तिथे हिरवंगार चमकतं. हर्पीसची जखम कधी कधी फांद्या फुटल्यासारखी बारीक रेघांची दिसते, ती दिसली की निदान जवळपास झालंच. तिसरं म्हणजे डोळ्यातलं प्रेशर, मांजरात साधारण १० ते २५ च्या मध्ये असतं, पण ते मोजायचं यंत्र महाग असल्याने सगळ्या क्लिनिकमध्ये नसतं. डायची पट्टी मात्र स्वस्त आहे, माणसांच्या डोळ्यांचे डॉक्टरही हीच वापरतात, त्यामुळे नाही म्हणायला सबब नाही. माझं स्पष्ट मत आहे की डाय टेस्ट न करता मांजराच्या डोळ्यात स्टेरॉइडचा थेंब पडू देऊ नये, मग लिहून देणारा कितीही मोठा डॉक्टर असो. पीसीआर टेस्टही होते, पण निरोगी दिसणाऱ्या मांजरातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि आजारी मांजरात निगेटिव्ह, म्हणून प्रत्येक वेळी तो खर्च करायचा आग्रह मी धरत नाही.

उपचारात जखमेवर जंतू वाढू नयेत म्हणून साधं, स्टेरॉइड नसलेलं अँटिबायोटिक, डोळा दुखतो म्हणून वेदनेवरचं औषध, आणि हर्पीस असेल तर फॅमसायक्लोविरच्या गोळ्या. गोळी माणसांचीच असते पण डोस व्हेट वजनावर काढून देतो. इथे एक धोका आहे, मेडिकलमध्ये 'तेच आहे हो' म्हणून असायक्लोविरच्या गोळ्या देतात, त्या मांजराच्या पोटात जाता कामा नयेत, बोन मॅरोवर परिणाम होतो. डोळ्यात घालायची अँटीव्हायरल औषधंही आहेत, पण ती दिवसातून अनेक वेळा घालावी लागतात, दर वेळी पकडापकडी, आणि तो ताण शेवटी व्हायरसच्याच पथ्यावर पडतो.

लायसिन सोडून द्या. एके काळी सगळे व्हेट लिहून द्यायचे, पुढे नीट तपासल्यावर फायदा दिसला नाही, काही ठिकाणी तर त्रास वाढलेला दिसला. ते पैसे लसीला ठेवा. मांजरांना देतात त्या ट्रायकॅटच्या लसीत हर्पीस असतो, लागण पूर्ण थांबत नाही पण झालं तरी हलक्यावर निभावतं. आणि शेवंता पर्शियन आहे म्हणून अजून एक, जखमा वारंवार झाल्या की या जातीत कॉर्नियावर तपकिरी-काळा डाग धरतो, लोकांना वाटतं कचरा चिकटलाय आणि कापसाने काढायला जातात. तो कचरा नसतो, कॉर्नियाचाच मेलेला भाग असतो आणि बहुतेक वेळा ऑपरेशन करून काढावा लागतो.

माळ्यावर मांजरीने चार पिल्लं घातलीत, दहा-बारा दिवस झाले असतील. तिघांचे डोळे किलकिले झालेत, एकाचे अजून मिटलेले आणि एक डोळा टम्म फुगलाय. सासूबाई म्हणतात बोरिक पावडरच्या पाण्याने पुसू, शेजारच्या काकू म्हणतात काजळ लाव. (कोल्हापूर)

दोन्ही नको. मांजर पिल्लाला चाटणार, बोरिक तिच्याही पोटात जाणार आणि पिल्लाच्याही, ते विषारी आहे. काजळ, तुरटी, मध, गुलाबपाणी यातलं काहीच नको.

पिल्लांचे डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात उघडतात, म्हणजे उशीर झालाय असं नाही, पण मिटलेल्या पापणीमागे फुगणं म्हणजे आत पू साठलाय. तो आत राहिला तर कॉर्निया खराब होतो, पापणीची आतली बाजू कॉर्नियाला चिकटते आणि तसाच डोळा जन्मभर राहतो. जे आंधळे भटके बोके आपण 'जन्मापासून असाच आहे' म्हणतो त्यातल्या पुष्कळांचं मूळ इथे असतं. आजच व्हेटकडे न्या, ते कोमट सलाइनने मऊ करून नाकाकडच्या कोपऱ्यातून पापण्या हलक्या हाताने सोडवतात आणि मलम देतात. कात्री, सुई, नख घेऊन घरी प्रयोग करू नका. आणि सगळ्यांना एकदम उचलून नेऊ नका, मांजर पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात, तिला शंका आली तर उद्या माळा रिकामा दिसेल. ते एकच पिल्लू फडक्यात गुंडाळून न्या आणि पटकन परत ठेवा.

बाकीच्या तिघांची चिपडं मेडिकलमधल्या नॉर्मल सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा, कापूस प्रत्येक डोळ्याला वेगळा, एकाचा दुसऱ्याला नाही, नंतर हात साबणाने धुवा. हे हात धुण्याचं उगाच नाही सांगत, पिल्लांमध्ये क्लॅमिडिया नावाचे जंतूही असतात, त्यात आधी एक डोळा सुजतो, चार-पाच दिवसांनी दुसरा, आणि आतली गुलाबी त्वचा फुगून बाहेर आल्यासारखी दिसते. माणसाला क्वचितच लागतं पण लागू शकतं. यावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लागतं, तेही तीन-चार आठवडे आणि घरातल्या सगळ्या मांजरांना, नाहीतर आजार घरातच फिरत राहतो. मोठ्या मांजरीला डॉक्सीची गोळी दिली की मागोमाग सिरिंजने पाच-सहा मिली पाणी किंवा थोडं ओलं खाणं द्याच, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर आत जखम होऊन पुढे नळी आक्रसते.

आमचा बंड्या चौदा वर्षांचा बोका. दोन दिवसांपूर्वी सकाळी उठला तो सरळ कपाटाला धडकला. डोळ्याच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्यात की पिवळा भाग जवळजवळ दिसतच नाही, उन्हात नेलं तरी बारीक होत नाहीत, उजव्या डोळ्यात लालसर पण दिसतंय. सोसायटीत म्हणतात मोतीबिंदू असेल, वय झालं. तीन-चार महिने पाणी फार पितो आणि वाळलाय. (नाशिक)

काका, मोतीबिंदू एका रात्रीत होत नाही. म्हाताऱ्या मांजराच्या डोळ्यात जो निळसर-करडा धुरकटपणा दिसतो तो बहुतेक वेळा वयानुसार भिंग घट्ट झाल्याचा असतो आणि त्यातून त्याला बरं दिसत असतं. खरा मोतीबिंदू मांजरात कुत्र्यापेक्षा पुष्कळच कमी, आणि होतो तेव्हाही बऱ्याचदा डोळ्याच्या आतल्या सुजेमागून होतो.

बंड्याचं वर्णन वाचून माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ब्लडप्रेशर. हो, मांजरांनाही बीपी असतो. वरचा आकडा १६० च्या पुढे जाऊन तिथेच राहिला तर त्याला वाढलेला बीपी धरतात आणि डोळा, मेंदू, किडनी, हृदय या चार ठिकाणी त्याचा मार बसतो. डोळ्यात काय होतं तर आतल्या पडद्यामागच्या, म्हणजे रेटिनामागच्या, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, पडदा सुटतो, कधी रक्तस्राव होतो, तुम्हाला दिसलेला लाल रंग तोच असू शकतो. मांजर रात्री झोपतं ते दिसणारं आणि उठतं ते आंधळं. मागे कारण बहुधा जुना किडनीचा आजार किंवा थायरॉइड वाढणं, आणि पाणी फार पिणं, वाळणं ही दोन्हीची लक्षणं आहेत.

तर आज तीन गोष्टी करून घ्या, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, बीपी आणि रक्त-लघवी. बीपी पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधून मोजतात, क्लिनिकमध्ये शिरल्या शिरल्या घेतलेला आकडा खोटा जास्त येतो, म्हणून शांत खोलीत पाच-दहा मिनिटं बसू द्या आणि एकाऐवजी चार-पाच वेळा मोजून सरासरी काढायला सांगा. बीपी निघाला तर औषध बहुधा ॲम्लोडिपिन. आता तुमच्या वयाच्या घरात ते डब्यात असणारच, पण तुमची गोळी अंदाजाने मोडून बंड्याला देऊ नका, माणसाच्या गोळीतला अगदी छोटा तुकडा त्याचा डोस असतो आणि जास्त झाला तर बीपी कोसळतो.

दृष्टी परत येईल का, खरं सांगायचं तर नक्की नाही. सुरुवातीच्या दिवसांत बीपी खाली आला तर सुटलेला पडदा परत चिकटू शकतो आणि काही मांजरांना थोडंफार दिसायला लागतं, म्हणून प्रत्येक दिवस मोलाचा आहे. पण नाही आली तरी औषध चालूच ठेवायचं, बाकी अवयवांसाठी. आंधळं मांजर घरात छान राहतं बरं का, पाण्याची वाटी, खाणं आणि लिटरचा ट्रे हलवू नका, फर्निचर सरकवू नका, हात लावण्याआधी नावाने हाक मारा आणि बाल्कनीला जाळी बसवा. इतर वाचकांनी, ज्यांची मांजरं सात-आठ वर्षांपुढची आहेत, वर्षातून एकदा बीपी मोजून घ्या, लसीला जाल तेव्हाच सांगा.

दोन्ही डोळ्यांवर आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा आलाय, अर्धा डोळा झाकलाय. खातोय पण दोन-तीन दिवस पातळ शी. डोळ्यात काय घालू? (ठाणे)

डोळ्यात काही नको. ती तिसरी पापणी आहे, प्रत्येक मांजराला असते. दोन्हीकडून सारखी वर आली आणि डोळा लाल नाही, दुखत नाही, तर बहुधा पोट बिघडलंय, जंत आहेत किंवा अंगात ताप आहे. शीची तपासणी करून घ्या, पोट सुधारलं की पापणी खाली जाईल, कधी काही आठवडे घेते. एकाच डोळ्याची वर आली आणि त्याच बाजूची बाहुली लहान, वरची पापणी ओघळलेली असेल तर मात्र प्रकरण नसेचं आहे, ती नस मधल्या कानाजवळून जाते, तेव्हा कान नीट तपासायला सांगा.

आठ महिन्यांचं पिल्लू, हिरवे डोळे होते, एक डोळा महिनाभरात मातकट तपकिरी झालाय आणि आत ढगाळ. ताप येतो-जातो, वजन वाढत नाही. ड्रॉपने थोडं बरं वाटतं, परत तेच. (बेळगाव)

डोळ्याचा रंग बदलणं म्हणजे आत, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, सूज आहे. कमी वयाचं मांजर, उतरत-चढत ताप, वजन नाही आणि डोळ्यात सूज, एवढं एकत्र आलं की एफआयपीचा, म्हणजे मांजरांच्या कोरोना व्हायरसमधून होणाऱ्या आजाराचा, विचार करावाच लागतो. त्यासोबत मांजरांच्या ल्युकेमिया आणि एड्सच्या व्हायरसची झटपट टेस्ट आणि टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवीही बघतात. एफआयपी म्हटलं की काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही मालकाला खुर्ची देऊन बसवायचो, जवळपास सगळी मांजरं जायची. आता जीएस-४४१५२४ नावाचं अँटीव्हायरल आहे, ठरलेला कोर्स ८४ दिवसांचा, आणि बरी होणारी मांजरं जास्त आहेत. डोळ्यात किंवा मेंदूत आजार पोचला असेल तर डोस वाढवून द्यावा लागतो, म्हणून तुमच्या व्हेटला 'डोळ्यात आहे' हे ठळक सांगा. आतली सूज तशीच राहिली तर पुढे काचबिंदू होतो. इथे स्टेरॉइडचा ड्रॉप लागू शकतो बरं, पण परत तेच, डाय टेस्ट करून.

आम्ही शाकाहारी. मनीला दूध-पोळी, दही-भात आणि कधी आमच्या कुत्र्याचं पेडिग्री. गुटगुटीत आहे. डोळ्यांना काही होतं का? (सांगली)

होतं. मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांस, मासे, कोंबडी यातून मिळतो, मांजराचं शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही. कुत्र्याचं बनवतं, म्हणून कुत्र्याच्या खाण्यात मांजराच्या हिशेबाने तो घातलेला नसतो. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा मधोमध झिजतो, हे १९७५ मध्येच दाखवलं गेलंय, आणि १९८७ मध्ये कळलं की हृदयाचे स्नायूही त्यानेच सैल पडतात. हृदय टॉरिन दिल्यावर पुष्कळदा सुधारतं, पडदा मात्र गेला तो गेला, फक्त पुढची झीज थांबते. वरून काही दिसत नाही, गुटगुटीत असण्यावर जाऊ नका. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरांचं तयार खाणं आणा, पाकिटावर मांजराचं चित्र आणि 'संपूर्ण आहार' हे दोन्ही बघून. कोकणातली जी मंडळी मासे उकळून देतात त्यांनी ते पाणी फेकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं.

माझी पांढरी मांजर आहे, तिचा एक डोळा निळा आणि एक पिवळा. मी नववीत आहे. तिला आजार आहे का? (लातूर)

नाही गं, जन्मापासून असेल तर अजिबात नाही, मस्त दिसत असेल. फक्त एक कर, ती पाठमोरी असताना निळ्या डोळ्याच्या बाजूला हळूच टाळी वाजवून बघ. पांढऱ्या मांजरांना निळ्या डोळ्याच्या बाजूच्या कानाने कधी कधी ऐकू येत नाही. तसं असेल तर तिला रस्त्यावर सोडू नका, गाडीचा आवाज कुठून येतो ते तिला कळणार नाही.

अबोली अकरा वर्षांची, तिच्या पिवळ्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका आलाय. (रत्नागिरी)

बाहुलीभोवतीच्या रंगीत भागातले सपाट ठिपके वयानुसार येतात, पण तोच ठिपका पसरायला लागला, उठावदार झाला किंवा बाहुलीचा आकार वाकडा झाला तर मेलॅनोमा असू शकतो, तो कॅन्सर आहे. एकदा व्हेटला दाखवा, मग दर महिन्याला त्याच खिडकीत, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो काढून ठेवा.

जखमेसाठी एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली आणि त्यानंतर मांजराला दिसेनासं झालं. संबंध असू शकतो का? (अकोला)

असू शकतो. हे औषध गुरांपासून कुत्र्यांपर्यंत सगळीकडे चालतं म्हणून मांजरालाही सढळ हाताने दिलं जातं, पण मांजरात दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, नाहीतर डोळ्याचा पडदा जळतो आणि तो परत येत नाही. म्हातारं किंवा किडनी अधू असलेलं मांजर असेल तर त्याहून कमी डोसालाही मी घाबरतो. केसपेपर मागून घ्या, डोस आणि वजन ताडून बघा आणि दुसऱ्या व्हेटकडून पडदा तपासून घ्या.

आमच्या तालुक्यात मांजरांच्या डोळ्यांचा डॉक्टर नाही. आणि ड्रॉप घालायला गेलं की आमचा गुंड्या हाताला ओरबाडतो. (माण, सातारा)

तुम्हाला शिरवळचं व्हेटरनरी कॉलेज त्यातल्या त्यात बरं पडेल. मुंबईत परळला, जिथे बैलघोडा हॉस्पिटल आहे तिथेच कॉलेज आहे, शिवाय नागपूर, परभणी आणि उदगीर. कॉलेजच्या दवाखान्यात वेळ लागतो, रांग असते, विद्यार्थी चार-चार वेळा तेच विचारतात, पण तपासणी नीट होते. निघण्याआधी फोन करून डोळ्यांचं कोण बघतं आणि कुठल्या दिवशी ते विचारा.

ड्रॉपचं म्हणाल तर समोरून जाऊ नका, बाटली येताना दिसली की कुठलंही मांजर पळणार. टॉवेलात पाय आत घेऊन गुंडाळा, फक्त डोकं बाहेर, तुम्ही मागे बसा, एका हाताने हनुवटी वर करा, त्याच हाताच्या अंगठ्याने खालची पापणी ओढा आणि बाटली डोक्याच्या मागून आणून एकच थेंब सोडा. जास्त घालून उपयोग नाही, तो गालावरून वाहतो. बाटलीचं टोक डोळ्याला टेकवू नका. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, आधी पातळ ड्रॉप मग मलम. ॲट्रोपिन, म्हणजे बाहुली मोठी करणारा ड्रॉप, दिलं असेल तर ते कडू असतं, नाकातून घशात उतरून तोंडाला फेस येतो, घाबरू नका. प्रत्येक वेळी झालं की लगेच आवडीचं काहीतरी खायला द्या. पंजाने डोळा चोळत असेल तर गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घाला, अगदी खातानाही काढू नका, त्याच दोन मिनिटांत तो जखम वाढवून ठेवतो. आणि बाटली उघडली त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला, महिना झाला की उरलेलं औषध फेकून द्या, पुढच्या वेळेसाठी फ्रीजच्या दारात ठेवू नका.